केबल ‘मुरायला’ दोनशे तास आणि परतीची मुदत सात दिवस: निर्णय कसा घ्यावा?

कोथरूडकर (प्रश्न)

सर्वांना नमस्कार.

आमच्या बारा बाय चौदा फुटांच्या दिवाणखान्यात एक इंटिग्रेटेड अँप्लिफायर, 8 ओमचे दोन स्पीकर आणि मूव्हिंग मॅग्नेट कार्ट्रिज (सुईचे कंपन हलत्या चुंबकाद्वारे विजेत बदलणारा भाग) बसवलेला टर्नटेबल, म्हणजे रेकॉर्ड प्लेअर, आहे. ऐकणे मुख्यतः ख्यालगायनाचे. मध्ये दार येत असल्यामुळे उजव्या स्पीकरपर्यंत 5 मीटर आणि डाव्यापर्यंत जेमतेम 2 मीटर वायर लागते. आजवर मी जुन्या होम थिएटरसोबत आलेली बारीक, पारदर्शक वायरच वापरत होतो.

परवा शहरातील एका विक्रेत्याने 38,000 रुपयांची स्पीकर केबलची जोडी घरी ऐकून पाहण्यासाठी दिली. दोन्ही बाजूंची लांबी सारखीच हवी म्हणून दोन्ही केबल 5 मीटरच्या आहेत. केबल मुरायला, म्हणजे वापरातून तिचा आवाज खुलायला, दोनशे तास लागतात, तोवर मत बनवू नका, असे त्यांनी बजावले आहे. परतीची मुदत मात्र 7 दिवसांची, म्हणजे 168 तासांची आहे. अहोरात्र संगीत चालू ठेवले तरी दोनशे तास भरायला 8 दिवस आणि 8 तास लागतील, हे घरी आल्यावर लक्षात आले आणि मन खट्टू झाले.

तरीही एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. पहिल्याच संध्याकाळी आवाज अधिक मोकळा वाटला. गायकाच्या मागे चाललेला तंबोरा स्वतंत्रपणे ऐकू येऊ लागला. तेव्हा केबल खरोखर मुरते का, लांबी समान असणे आवश्यक आहे का, आणि एवढी रक्कम केबलवर खर्च करावी का, याविषयी जाणकारांनी मार्गदर्शन करावे.

विद्युतमापक, पिंपरी

आपल्याला पहिल्या संध्याकाळी जाणवलेला फरक मी भ्रम म्हणून बाजूला सारणार नाही. त्याचे कारण नव्या केबलपेक्षा जुन्या वायरमध्ये असण्याची शक्यता मला अधिक वाटते.

स्पीकर केबलच्या बाबतीत सर्वांत महत्त्वाचा गुणधर्म म्हणजे तिचा विद्युतरोध (प्रवाहाला होणारा अडथळा, तो ओममध्ये मोजतात), आणि तो लांबी, जाडी व धातू या तीन गोष्टींवरच ठरतो. 0.75 चौरस मिलिमीटर जाडीच्या तांब्याच्या वायरीचा रोध 5 मीटर अंतरासाठी, म्हणजे जाण्यायेण्याची मिळून 10 मीटर तार धरून, सुमारे पाव ओम भरतो. 2.5 चौरस मिलिमीटरची वायर घेतली तर तोच आकडा सुमारे 0.075 ओमवर येतो. आता 8 ओमचा म्हणून विकला जाणारा स्पीकर सर्व स्वरांना 8 ओमचा नसतो. काही ठिकाणी तो 4 ओमपर्यंत उतरतो आणि काही ठिकाणी 20 ओमच्याही वर चढतो. वायरीचा रोध जास्त असेल तर जिथे स्पीकर 4 ओमचा आहे तिथे आवाज अधिक दबतो आणि जिथे 20 ओमचा आहे तिथे कमी, त्यामुळे ध्वनीचा तोलच बदलतो. पाव ओमच्या वायरीने हा फरक सुमारे 0.4 डेसिबल पडतो आणि जाड वायरीने 0.15 डेसिबलच्याही आत राहतो.

होम थिएटरसोबत येणाऱ्या वायरी पुष्कळदा तांब्याचा मुलामा दिलेल्या अ‍ॅल्युमिनियमच्या असतात आणि तेवढ्याच जाडीला त्यांचा रोध तांब्याच्या दीडपटीहून अधिक असतो. वायरीचे टोक सोलून एक केसर (आतली बारीक तार) ब्लेडने खरवडून पाहा. वरून तांबूस आणि आतून पांढरे निघाले तर ते अ‍ॅल्युमिनियम. (कल्हई केलेले अस्सल तांबे याच्या उलट, वरून पांढरे आणि आतून तांबूस असते, त्याला चुकून बाद करू नये.)

मुरण्याविषयी. इन्सुलेशनमधील विद्युतभार हळूहळू स्थिरावतो, असे स्पष्टीकरण दिले जाते. पण संगीताचा विद्युतप्रवाह सेकंदाला शेकडो, हजारो वेळा दिशा बदलतो, त्यामुळे इन्सुलेशनला एका बाजूचे वळण लागण्याची सोयच राहत नाही. शिवाय अँप्लिफायरचा स्वतःचा रोध इतका कमी असतो की केबलच्या इन्सुलेशनमधील अशा सूक्ष्म बदलांचा परिणाम ऐकण्याच्या मर्यादेत येत नाही. दोनशे तासांपूर्वी आणि नंतर रोध, धारिता (विद्युतभार साठवण्याची क्षमता) आणि प्रेरकता (प्रवाहातील बदलाला होणारा विरोध) मोजली तर तेच आकडे मिळतात. चांदीची केबल सुचवली गेली तर एवढेच लक्षात ठेवावे की चांदी तांब्यापेक्षा सुमारे 6 टक्केच अधिक सुवाहक आहे. तेवढा लाभ तांब्याची तार किंचित जाड घेऊनही मिळतो.

लांबी समान ठेवण्याची गरज नाही. 3 मीटरच्या फरकाने ध्वनीला पडणारा विलंब सुमारे 15 नॅनोसेकंदांचा असतो. आपण खुर्चीत मान किंचित कलवली तरी त्याहून कितीतरी मोठा फरक पडतो.

जवारी

वरील गणिताशी माझा वाद नाही, परंतु काही वर्षे मी स्वतः मुरण्यावर ठाम विश्वास ठेवत होतो, म्हणून त्या बाजूने दोन शब्द लिहितो.

मी नवी केबल घेतली तेव्हा महिनाभरात आवाज खुलत गेल्याचे मला स्पष्ट जाणवले होते. पुढे एकदा जुनी केबल परत लावली, तेव्हा तोच खुललेला आवाज तीतूनही आला. मग आठवले की त्याच महिन्यात स्पीकरही नवे आणले होते. स्पीकरच्या शंकूभोवतीची रबराची कड आणि त्याला मागून धरून ठेवणारी जाळी नवेपणी ताठ असते आणि चालू लागल्यावर सैलावते, त्यामुळे खर्जात मोजता येण्याजोगा बदल होतो. कार्ट्रिजच्या सुईला आधार देणाऱ्या रबराचेही तसेच आहे. म्हणजे रुळण्याची क्रिया खोटी नाही. ती हलणाऱ्या भागांत घडते आणि श्रेय तारेला मिळते.

आणखी एक बाब आमच्यासारख्या जुन्या वाड्यातून फ्लॅटमध्ये आलेल्यांना ठाऊक असेल. पुण्यातला पावसाळा जोडणीच्या धातूला मानवत नाही. पारदर्शक वायरीच्या आत तांबे हिरवट पडलेले आपण पाहिले असेल. प्लगवरही तसाच पातळ थर चढतो. केबल बदलताना प्लग काढून घातला की तो थर घासला जातो आणि आवाज सुधारतो. जुनी वायरही एकदा काढून, टोके नव्याने सोलून, घट्ट बसवून ऐकल्याशिवाय तुलना न्याय्य होत नाही.

घरी परीक्षा घ्यायची असेल तर कोणती केबल लावली आहे हे आपल्याला दिसू नये आणि आवाजाची पातळी तंतोतंत सारखी असावी, कारण अर्धा डेसिबल मोठा आवाज आपल्याला मोठा न वाटता चांगला वाटतो. मी ऐकण्यासाठी नुसता तंबोराच लावतो. त्याची जवारी (तारांचा झंकार) सतत तशीच चालू राहते, त्यामुळे तिच्यातील बदल बंदिशीपेक्षा लवकर पकडता येतो. किमान 16 वेळा ऐकावे. त्यांपैकी 12 उत्तरे केवळ अंदाजाने बरोबर येण्याची शक्यता 4 टक्क्यांहून कमी असते.

तबकडी, सदाशिव पेठ

या चर्चेत टर्नटेबलची केबल राहून गेली आहे, आणि मूव्हिंग मॅग्नेट कार्ट्रिज असलेल्या माणसाने खरी काळजी तिचीच घ्यायला हवी.

अशा कार्ट्रिजमधील वेटोळ्याची प्रेरकता बरीच मोठी, साधारण अर्ध्या हेन्रीच्या आसपास असते. केबलची धारिता आणि फोनो इनपुटची (अँप्लिफायरमधील टर्नटेबल जोडण्याच्या जागेची) धारिता यांच्याशी मिळून ती एका ठराविक स्वरावर अनुनाद निर्माण करते, म्हणजे तो स्वर अवाजवी उठतो. एकूण धारिता 200 पिकोफॅरड (धारितेचे एकक) असेल तर तो अनुनाद सुमारे 16 किलोहर्ट्झवर पडतो. 400 झाली तर सुमारे 11 किलोहर्ट्झवर उतरतो, म्हणजे ऐकू येणाऱ्या पट्ट्याच्या पुष्कळ आत. सारंगी कर्कश वाटते, गायकाचा ‘स’ टोचतो, आणि त्याच्या वरचा भाग एकदम मंद होतो. टर्नटेबल अँप्लिफायरला जोडणाऱ्या साध्या आरसीए केबलची धारिता मीटरला 100 पिकोफॅरडच्या जवळपास असते, पण काही महागड्या केबलची त्याहून बरीच जास्त आढळते. म्हणून कार्ट्रिजच्या माहितीपत्रकात सुचवलेला आकडा पाहावा, त्यातून फोनो इनपुटची आणि टोनआर्ममधील (कार्ट्रिज धरणाऱ्या दांड्यातील) तारेची धारिता वजा करावी आणि उरलेल्यात बसणारी कमी लांबीची केबल घ्यावी. सीडी प्लेअरच्या केबलला ही काळजी लागत नाही, कारण त्या उपकरणाचा आउटपुट रोध काहीशे ओमचाच असतो.

घरघर येत असेल तर टर्नटेबलची वेगळी अर्थिंगची तार अँप्लिफायरच्या स्क्रूला घट्ट लावली आहे ना, हे आधी तपासावे. कार्ट्रिजमधून येणारा संकेत अवघा काही मिलिव्होल्टचा असतो; घरातील 50 हर्ट्झची वीज त्यात सहज मिसळते.

कोथरूडकर

सर्वांचे मनापासून आभार. पाचव्या दिवशी पुढील गोष्टी केल्या.

जुन्या वायरीचे केसर खरवडले. आतून पांढरे निघाले. मल्टिमीटरने रोध मोजला, आधी दोन्ही प्रोब एकमेकांना टेकवून त्यांचा स्वतःचा रोध वजा केला, आणि उजव्या बाजूचा आकडा 0.4 ओम आला. म्हणजे पहिल्या संध्याकाळी जे ऐकले ते खरे होते. मग तपकीर गल्लीतून 2.5 चौरस मिलिमीटरची शुद्ध तांब्याची दोनपदरी वायर आणि बनाना प्लग आणले. एकूण खर्च दोन हजारांच्या आत झाला. दोन्ही बाजूंना अनुक्रमे 5 आणि 2 मीटर वायर लावली.

रविवारी सकाळी माझी मुलगी अँप्लिफायरच्या मागे बसून नाणेफेकीने केबल बदलत होती आणि मी पाठ करून तंबोरा ऐकत होतो. नवी स्वस्त वायर आणि 38,000 रुपयांची केबल यांच्यात 16 पैकी 9 उत्तरे बरोबर आली. त्यानंतर तिने मला न सांगता मध्येच जुनी वायर लावली, तेव्हा मात्र मी हात वर करून “आता तंबोरा मागे गेला” असे म्हणालो.

सहाव्या दिवशी केबल परत केली. विक्रेत्यांनी खळखळ न करता ती घेतली, हेही नोंदवतो. आता माहितीपत्रकावरून हिशेब केला, तर माझ्या कार्ट्रिजला 100 ते 200 पिकोफॅरड हवे आहेत, फोनो इनपुटचेच 150 आहेत आणि सध्याची आरसीए केबल दीड मीटरची आहे. टर्नटेबल अँप्लिफायरच्या शेजारी आणून अर्ध्या मीटरची कमी धारितेची केबल करून घ्यावी असा विचार आहे. पुण्यात अशी केबल नीट सोल्डर करून देणारे कोणी माहीत असल्यास कृपया कळवावे.