बारीक वैताग, चिमूटभर सुख: तुमचंही येऊ द्या

मोठ्या दुःखांची विचारपूस करणारे पुष्कळ असतात. आजारपण, नोकरी, पैसा यांवर घरात चर्चा होते, न मागता सल्ले मिळतात. पण चिकटपट्टीचं टोक सापडत नाही म्हणून जी तडफड होते, तिच्याकडे कोण बघतो? "एवढ्यासाठी?" असं म्हणून लोक मोकळे होतात. हा धागा त्या 'एवढ्या'साठीच काढलाय.

नियम फार नाहीत. वैताग इतका छोटा हवा की चारचौघांत सांगायची लाज वाटावी. राजकारण, शेजारी आणि सासर इथे नको, त्यांची सोय वेगळी करू. आणि कुरकुर केलीत तर सोबत एखादं सुखही टाका. तेही त्याच मापाचं, म्हणजे फुकट मिळालेलं आणि दुसऱ्या कुणाच्या लक्षातही न आलेलं.

सुरुवात माझ्यापासून. चिकटपट्टी. नख लावून रीळ गोल गोल फिरवायचं, कुठेतरी नख अडल्यासारखं वाटतं, तिथे हळूच खरवडायचं. पट्टी निघते, पण पूर्ण रुंदीची नाही. तिरकी फाटत, निमुळती होत होत शेवटी दोऱ्याएवढी उरते आणि तुटते. आता टोकं दोन झाली आणि दोन्ही अदृश्य. वापरून झालं की टोक दुमडून ठेवा, हे घरात सगळ्यांना सांगून झालंय. दुमडणारा मी एकटाच आहे.

सुख: नव्या वस्तूच्या काचेवरचा प्लास्टिकचा पापुद्रा एका दमात सोलणं. यावरून आमच्याकडे भांडणं होतात, म्हणून घरी कुणी नसताना उरकून घेतो.

*

अगदी अगदी! माझा नंबर दुधाचा.

समोर उभं राहिलं की ढिम्म हलत नाही. ओट्यावरचा एक चमचा उचलून सिंकमध्ये टाकायला वळले की संपलं. यामागचं कारणही मी शोधून काढलंय. पाणी उकळताना वाफेचे बुडबुडे वर येऊन फुटतात. दुधावर मात्र तापताना सायीचा पापुद्रा धरतो, वाफ त्याखाली कोंडते, आणि दुधातल्या प्रथिनांमुळे बुडबुडे न फुटता त्यांचा फेस होतो. म्हणून दूध हळूहळू वर येत नाही, सगळा फेस एकदम उसळतो. म्हणजे सगळा खेळ शेवटच्या काही सेकंदांचा, आणि दारावरची बेल नेमकी त्याच सेकंदांत वाजते. शास्त्र कळलं, शेगडी पुसायची ती पुसावीच लागते.

सुख अर्थातच तिथलंच. फेस भांड्याच्या काठापर्यंत आलेला असतो, आपण झडप घालून गॅस बंद करतो आणि तो काठावर क्षणभर थांबून मुकाट खाली बसतो. त्या क्षणी मला कुणीतरी बघत असायला हवं होतं असं दर वेळी वाटतं.

*

फोनवर "बरं, ठेवतो" म्हटल्यानंतर सुरू होणारं खरं संभाषण.

सुख: समोरच्याची बॅटरी संपणं.

*

डावखुरी आहे, त्यामुळे माझ्याकडे माल भरपूर आहे. फक्त कात्रीचं सांगते.

लोकांना वाटतं आम्हाला कापता येत नाही. नेहमीची कात्री उजव्या हाताची बोटं मिटताना जो दाब पडतो त्या हिशेबाने बनवलेली असते. त्या दाबाने पाती एकमेकींना घट्ट चिकटून सरकतात. तीच कात्री डाव्या हातात घेतली की दाब उलटा पडतो, पात्यांमध्ये फट पडते आणि कागद कापला जाण्याऐवजी त्या फटीत दुमडून बसतो. शिवाय जिथे कापायचं ती रेघ पात्याआड जाते, म्हणजे अंदाजाने कापा. जगात साधारण दहातला एक माणूस डावखुरा असतो. उरलेले नऊ जण आपल्याला "दे इकडे, मी कापतो" म्हणायलाच जन्माला आलेत.

लिहितानाही तेच. आपली लिपी डावीकडून उजवीकडे जाते, त्यामुळे ओली शाई पुसत पुसतच आमचा हात पुढे सरकतो. शाळाभर माझ्या करंगळीखालची कड निळी होती.

सुख: जेवणाच्या टेबलाची डावीकडची शेवटची खुर्ची. कोपराला कोपर लागत नाही. ती मिळावी म्हणून मी सगळ्यांच्या आधी हात धुऊन येते.

*

डावखुऱ्या ताईंना अनुमोदन. आम्ही चष्मेवाले. चष्मा शोधायला चष्मा लागतो, एवढंच बोलून खाली बसतो.

सुख: चष्म्याची काच नीट साबणाने धुऊन पुसल्यावर झाडाला सुटी सुटी पानं असतात हे परत कळतं.

*

बसथांब्यावर आपलं नशीबच खोटं असं ज्यांना वाटतं त्यांच्यासाठी एक दिलासा. नशीब नाही, गणित खोटं वागतं.

समजा तासाला २ बस आहेत. सरासरी अंतर ३० मिनिटं, म्हणजे सरासरी १५ मिनिटं थांबावं लागेल, असं आपण धरतो. पण बस काही मोजून मापून येत नाहीत. समजा एक अंतर १० मिनिटांचं पडलं आणि दुसरं ५० चं. आपण थांब्यावर कधीही पोचलो तरी ६ पैकी ५ वेळा त्या ५० मिनिटांच्या खड्ड्यातच पडणार, कारण तासातला बहुतेक वेळ त्याच खड्ड्याने खाल्लाय. हिशेब केला तर सरासरी थांबणं १५ नाही, जवळपास २२ मिनिटं होतं.

आणि मग दोन बस एकामागोमाग का येतात? पहिलीला थोडा उशीर झाला की थांब्यावर गर्दी वाढते, चढउतारात तिला आणखी उशीर होतो. मागच्या बससाठी माणसंच उरत नाहीत, ती पटापट पुढे येऊन पहिलीला गाठते. कुणीही मुद्दाम काही करत नाही आणि तरीही सगळं आपल्या विरोधात जातं, हा भाग मला फार आवडतो.

सुख: आपण पोचतो, बस येते, दार बरोबर समोर उघडतं. अशा दिवशी मी ऑफिसात उगाच सगळ्यांशी बरं बोलतो.

*

दादा, गणित पटलं. आता रांगेचंही सांगून टाका. मी जी सोडते तीच पुढे का सरकते?

*

त्याला गणितसुद्धा लागत नाही. तुमची एक आणि शेजारच्या दोन, अशा तीन रांगा धरा. तुमचीच सगळ्यात वेगवान असण्याची शक्यता तीनात एक. म्हणजे बहुतेक वेळा कुठली ना कुठली शेजारची रांग पुढे जाणारच, आणि आपली नजर बरोबर तिच्यावरच असते. मागची माणसं कुणी मोजतं का?

*

नमस्कार मंडळी. वयाने सत्तरी ओलांडली आहे, वाकण्याचा त्रास होतो, म्हणून माझी तक्रार बुटाच्या नाडीविषयी आहे. सकाळच्या फेरीत नाडी सुटते. बांधावी, चार पावलं टाकावीत, पुन्हा सुटते. तरुण मंडळी मागून "काका, नाडी!" असं ओरडून निघून जातात.

२०१७ मध्ये कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कले इथल्या संशोधकांनी या प्रश्नाचा अभ्यास करून निबंध प्रसिद्ध केला. धावणाऱ्या माणसाच्या बुटाचं त्यांनी अतिमंद गतीने चित्रण केलं. पाऊल जमिनीवर आपटतं तेव्हा गाठीला गुरुत्वाकर्षणाच्या सुमारे ७ पट धक्का बसतो आणि ती सैलावते. त्याच वेळी पाय झुलताना नाडीची मोकळी टोकं हिसके देत गाठ ओढत राहतात. बराच वेळ काही होत नाही, आणि सुटायला लागली की दोन-चार पावलांत पूर्ण सुटते.

माझ्या उपयोगाची गोष्ट निराळीच निघाली. गाठ दोन प्रकारे बसते. फासे बुटावर आडवे, म्हणजे डावी-उजवीकडे पडले तर गाठ पक्की. फासे टाचेपासून बोटांच्या दिशेने उभे पडत असतील तर गाठ कच्ची. तशी पडत असेल तर पहिली अढी उलट्या बाजूने घ्यायची, बाकी सगळं नेहमीसारखं. करून बघा. माझे फासे लहानपणापासून उभे पडत होते आणि इतक्या वर्षांत एकानेही सांगितलं नाही, ही आता माझी नवी तक्रार.

सुख: फेरीहून आल्यावर मोज्यांतून पाय बाहेर काढणे.

*

काका, आत्ता बूट घालून बघितले. उभे फासे. धन्यवाद आणि निषेध दोन्ही.

*

जुनी चपटी यूएसबी पिन. बाजू दोनच, तरी तिसऱ्या प्रयत्नात बसते. पहिल्यांदा बरोबर असते तीच बाजू जात नाही, उलटी करतो, तीही जात नाही, परत पहिली करतो, गुपचूप जाते. १९९६ साली यूएसबी आली तेव्हा इंटेलमध्ये त्या कामाचे एक प्रमुख होते अजय भट्ट. त्यांनी नंतर सांगितलंय की दोन्ही बाजूंनी चालणारी पिन करायची तर तारा आणि सर्किट दुप्पट लागले असते, खर्च वाढला असता, म्हणून एकाच बाजूवर भागवलं. त्यावरची उलट-सुलट कशीही बसणारी टाइप-सी यायला २०१४ उजाडलं. तोवर माझं तारुण्य टेबलाखाली ओणवं होऊन गेलं.

माहीत नसेल तर: पिनेवर फाटे फुटलेल्या बाणाचं चिन्ह असतं, ती बाजू सहसा वर यायला हवी.

*

पोरांना जेवायला हाक मारली की ऐकू येत नाही. खाऊचा पुडा मी दोन खोल्या पलीकडे, श्वास रोखून, कात्रीने (उजव्या हाताने, सॉरी ताई) कापला तरी ऐकू येतो.

सुख: बाथरूमची कडी.

*

धागाकर्ता मध्येच बोलतोय. कुरकुर सांगताना सगळे रंगात येताय आणि सुखाची एका ओळीत बोळवण करताय. सुखही जरा खोलात लिहा की. कडी म्हणजे काय? आत काय करता?

*

आत काही करत नाही. तेच सुख आहे.

*

बरं, मी खोलात लिहिते. पावसाचा पहिला वास.

तो पावसाचा नसतो हे आधी सांगते. मातीतले जिवाणू जिऑस्मिन नावाचा पदार्थ तयार करतात, त्याचा मुख्य वाटा. आपल्या नाकाला हा पदार्थ इतका कळतो की हवेत अब्जात एक भागाहून कमी असला तरी पुरतो. थेंब सच्छिद्र मातीवर पडला की त्याच्याखाली हवेचे बारीक बुडबुडे अडकतात, ते थेंबातून वर येऊन फुटतात आणि वास घेतलेले तुषार हवेत उडतात. मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीतल्या संशोधकांनी २०१५ साली वेगवान कॅमेऱ्याने हे टिपलं. त्यात असंही दिसलं की हलक्या आणि मध्यम सरीत असे तुषार जास्त उडतात, मुसळधार पावसात कमी. हे आपण नाकाने केव्हाच ओळखलेलं असतं. धो-धो कोसळायला लागला की वास गेलाच.

आता माझी कुरकुर. तो वास आला की मला आनंद व्हायच्या आधी दोरीवरचे कपडे आठवतात. धावत जाऊन चादरी ओढायच्या, चिमटे तोंडात धरायचे, आणि नाकात तो वास. चिमटे तोंडात असले की श्वास नाकानेच घ्यावा लागतो, तेवढा एक फायदा.

*

वा, ताई! चिमट्यांसाठी दंडवत.

माझा डास. अख्खं शरीर सोडून कानाशीच का येतो, तर आपला उच्छ्वास. कार्बन डायऑक्साइडच्या मागावर तो येतो, म्हणजे ती येते, चावणारी मादीच असते, आणि पांघरुणाबाहेर डोकंच उरलेलं असतं. दिवा लावला की भिंतीवर काही नाही, छतावर काही नाही. दिवा मालवला की मोजून दोन श्वासांनी हजर.

सुख इथे लिहिण्यासारखं नाही, पण त्यात टाळीचा आवाज आहे.

*

स्विचबोर्ड. वर्षानुवर्षं त्याच घरात राहून पंख्याचं बटण कुठलं ते अजून हाताला माहीत नाही. ट्यूब, बाहेरचा दिवा, सॉकेट, मग पंखा. पाहुणे मात्र पहिल्या झटक्यात बरोबर दाबतात.

*

पंख्याचा विषय निघालाच आहे तर: याला दोनवर हवा, तिला पाचवर हवा, म्हणून तीनवर ठेवायचा आणि दोघांनी चिडून झोपायचं.

सुख: उशी उलटली की गालाला लागणारी गार बाजू. तिच्यावर कुणाचा वाद नाही.

*

डोक्यात अडकलेलं गाणं कुणी कसं सांगितलं नाही अजून? आणि पूर्ण गाणं अडकलं तर एक वेळ चालेल, दीड ओळ अडकते. पुढचे शब्द येत नसतात म्हणून तीच दीड ओळ दिवसभर. ब्रिटनमधल्या रेडिंग विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१५ साली दाखवलं की च्युइंगगम चघळलं तर असं गाणं डोक्यात कमी येतं, कारण मनातल्या मनात गुणगुणताना जी यंत्रणा लागते तीच जबडा हलवण्यात गुंतते. मी चघळून पाहिलं. गाणं तेच राहिलं, फक्त चघळण्याला ताल आला.

सध्या तर गाणंही नाही. कपडे धुऊन झाले की वॉशिंग मशीन जी धून वाजवतं ती अडकलीय. काल मीटिंगमध्ये शिट्टीवर निघाली आणि समोरचा माणूस उठून म्हणाला, "एक मिनिट, कपडे काढून येतो."