ॲनिमे फिगरच्या खरेदी-विक्रीचं ॲप: 'बाजार' आणि 'कट्टा' वेगळे ठेवावेत का?

सायली_नाशिक:
नमस्कार मंडळी. मी आणि माझा मामेभाऊ ॲनिमेच्या, म्हणजे जपानी ॲनिमेशनच्या, चाहत्यांसाठी ॲप बनवतोय. फिगर (पात्रांच्या छोट्या मूर्ती), ॲक्रिलिक स्टँड, कीचेन घ्यायचं-विकायचं आणि त्यावर गप्पाही मारायच्या. कोड तो लिहितो, स्क्रीन मी आखते. सध्या खाली दोन टॅब आहेत, 'बाजार' आणि 'कट्टा'. ओळखीच्या मुलांना वापरायला दिलं. कट्ट्यावर सगळे रमतात, पण घ्यायची वेळ आली की व्हॉट्सॲप ग्रुपवर फोटो टाकून विचारतात, "ओरिजिनल आहे का रे?" उत्तर तिथेच मिळतं आणि व्यवहारही तिथेच होतो. बाजार ओस पडलाय. जे स्वतः फिगर जमवतात त्यांनी सांगा, काय बदलू?

डोंबिवलीकर_फिगरवाला:
सायली, प्रश्न वस्तूबद्दल आहे, तर तो वस्तूच्या पानावरच विचारता आला पाहिजे. दोन्ही टॅब काढा. प्रत्येक फिगरला एकच पान द्या. वर माहिती, मग कोण काय भावाने विकतंय ते, आणि लगेच खाली चर्चा.

पान नावावरून ओळखू नका. एकाच पात्राचं नाव आपल्याकडे चार तऱ्हेने लिहितात आणि लोकप्रिय पात्राच्या फिगर ढिगाने निघतात. जपानी खोक्यावर १३ आकडी जॅन कोड, म्हणजे तिकडचा बारकोड, असतो, ४५ किंवा ४९ ने सुरू होणारा. तो स्कॅन केला की थेट पान उघडावं. मात्र कोड जुळला म्हणजे माल खरा, असं ॲपने कुठेही म्हणू नये. नकली माल काढणारे बारकोडसुद्धा छापतात.

खरं-खोटं कळतं ते फोटोवरून, म्हणून विकणाऱ्याकडून ठरलेलेच फोटो मागा. खोक्यावरचा कंपनीचा लोगो आणि कॉपीराइटची ओळ, केसांची टोकं, स्टँडचा तळ आणि चेहरा अगदी जवळून. मी चेहरा सगळ्यात आधी बघतो. चांगल्या कंपनीच्या फिगरचे डोळे रेखीव छापलेले असतात. नकलीत बुबुळ किंचित सरकलेलं असतं, अंगावर तेलकट चकाकी असते आणि केसांच्या जोडाची रेघ उघडी दिसते. नेंडोरॉइड (मोठ्या डोक्याची, चेहरा बदलता येणारी छोटी फिगर) असेल तर पुढचे केस काढून चेहऱ्याची प्लेट बाजूला करून फोटो मागा. नकली बहुधा त्या जोडातच उघडी पडते, एक तर प्लेट ढिली बसते नाहीतर निघता निघत नाही.

आणि प्राइझ फिगर वेगळ्या दाखवा, हे फार गरजेचं आहे. जपानच्या गेम सेंटरमध्ये क्रेनच्या मशिनमध्ये बक्षीस म्हणून लावतात त्या, बॅनप्रेस्टो, सेगा, टाइटो, फुर्यू या कंपन्यांच्या. त्या अस्सलच असतात, फक्त १/७ स्केलच्या, म्हणजे पात्राच्या उंचीच्या सातव्या हिश्शाच्या, फिगरइतकं बारीक काम नसतं. नवीन मुलं कमी किंमत बघून त्यांना नकली ठरवतात, आणि काही विक्रेते त्यांनाच स्केल फिगरचा भाव लावतात.

मृण्मयी_पुणे:
एक विनंती. फिगरच कथा फोडते! पात्राचं नवं रूप मंगात (जपानी कॉमिकमध्ये) आलं की त्याची फिगर जाहीर होते आणि आम्ही फक्त ॲनिमे बघणारे तोंडात बोट घालून बसतो. कुठपर्यंत बघितलंय ते एकदा नोंदवता यावं, पुढचे फोटो धूसर दिसावेत.

सैतामातला_कोकण्या:
इकडे जपानात आमिआमी हे ऑनलाइन दुकान जुन्या मालाला दोन वेगळ्या श्रेणी देतं, फिगरची एक आणि खोक्याची एक. तीच पद्धत उचला. खोकं चेपलंय पण फिगर नवीकोरी, असा माल घेणारे पुष्कळ असतात.

दुसरं प्री-ऑर्डरचं. बुकिंग उघडल्यापासून माल हातात येईपर्यंत सहा महिने, वर्षही जातं आणि तारीख पुढे ढकलली जाणं नेहमीचंच. त्या काळात वाट बघणारे त्याच पानावर रोज डोकावतील, तारीख बदलली की त्यांना लगेच कळवा.

आणि फिगर चिकट लागली म्हणून कुणी नकली म्हणत असेल तर पानावरच खुलासा ठेवा. पीव्हीसीतलं प्लास्टिसायझर (प्लास्टिक मऊ ठेवणारं रसायन) उष्णतेने बाहेर येतं, बंद खोक्यात जास्तच. कोमट पाणी आणि सौम्य साबणाने धुतलं की जातं.

हिशोबी_ताई_कोल्हापूर:
मी सीए आहे, पैशांपुरतं सांगते. ग्राहकाचे पैसे स्वतःच्या खात्यात अडकवून ठेवू नका, रिझर्व्ह बँकेची परवानगी असलेल्या पेमेंट ॲग्रीगेटरमार्फत (ऑनलाइन पैसे गोळा करून पोचवणाऱ्या कंपनीमार्फत) विक्रेत्याला द्या. जीएसटीत नोंदणी लागेल, टीसीएस, म्हणजे विक्रेत्याच्या रकमेतून ॲपने कापून सरकारला भरायचा कर, १० जुलै २०२४ पासून ०.५ टक्के आहे. तक्रार अधिकारी नेमा, तक्रारीची पोच ४८ तासांत द्यावी लागते. स्वतः आयात करून विकायचं मात्र इतक्यात मनात आणू नका. खेळण्यांवरचं सीमाशुल्क २०२० मध्ये २० वरून ६० टक्के झालं, २०२३ मध्ये ७०. शिवाय १ जानेवारी २०२१ पासून खेळण्यांना बीआयएसचं (भारतीय मानक ब्युरोचं) चिन्ह सक्तीचं आहे.

सायली_नाशिक:
खूप आभार सगळ्यांचे! टॅब काढतोय. दादा, एकच विचारते, खरी की नकली हे मत कुणाला देऊ द्यावं?

डोंबिवलीकर_फिगरवाला:
सगळ्यांना देऊ द्या. ज्याने ती फिगर आपल्या संग्रहात नोंदवली असेल त्याच्या नावापुढे 'याच्याकडे आहे' एवढं दिसू द्या. आणि मत देताना फोटोतली जागा बोटाने खुणावणं सक्तीचं करा. नुसतं 'फेक आहे' लिहून कुणाला निघून जाता येऊ नये, विकणाऱ्यालाही त्याच जागेचा नवा फोटो टाकून उत्तर देता आलं पाहिजे.