माणूस की यंत्र : खटकतं नेमकं कुठे? (अनुभव धागा)

पडद्यावरचा चेहरा माणसाचा की यंत्राचा, हे कळेनासं झालं की अंगावर काटा येतो. नुसतं ‘भीतीदायक वाटलं’ असं न लिहिता शिवण कुठे उसवते, ते सांगा. कारागिरांनीही लिहावं, तत्त्वज्ञानाच्या अभ्यासकांनीही.

डोळ्यांचं अॅनिमेशन

पहिली चूक पापणीत होते. माणूस मिनिटाला साधारण 15 ते 20 वेळा पापणी लववतो, पण ठरावीक अंतराने कधीच नाही. सेकंदाला 24 फ्रेम असतील तर 2 फ्रेममध्ये मिटवा, 1 फ्रेम मिटलेली ठेवा आणि 3-4 फ्रेममध्ये उघडा. मिटणं आणि उघडणं एकाच वेगाने केलं की बाहुली झालीच! वरची पापणी खाली येते तेव्हा खालची किंचित नाकाकडे सरकते, हे हमखास विसरलं जातं.

नजर वळवताना आधी बुबुळ, 2-3 फ्रेमनंतर मान, मग खांदे. तिन्ही एकदम वळले तर बघणाऱ्याला कारण सांगता येत नाही, पण तो बिचकतो. स्थिर वस्तूंवरून फिरताना डोळा टुणटुण उड्या मारतो. संथ सरकतो तो हलत्या गोष्टीचा पाठलाग करताना. आणि खालच्या पापणीच्या कडेला अश्रूंची ओली रेघ हवीच. ती नसली तर कितीही तपशीलवार डोळा खोबणीत बसवलेल्या काचेसारखा दिसतो.

तत्त्वज्ञान

माणूस आणि यंत्र वेगळे ओळखायला फ्रेंच तत्त्वज्ञ देकार्तने 1637 मध्येच दोन कसोट्या दिल्या होत्या. यंत्र शब्द उच्चारेल, पण समोरच्याच्या बोलण्याला प्रसंगानुरूप उत्तर देणार नाही; आणि काही कामं माणसाहून सरस करेल, पण इतर कामांत अडखळेल. पहिली कसोटी आज डळमळली आहे, म्हणून हा विषय पुन्हा तापला आहे.

जर्मन मनोविकारतज्ज्ञ एर्न्स्ट येन्चने 1906 मध्ये या बेचैनीचं मूळ संशयात शोधलं : समोरचं सजीव दिसतंय, पण आहे का? फ्रॉइडला 1919 मध्ये हे अपुरं वाटलं. होफमानच्या ‘सँडमॅन’ कथेत त्याने यांत्रिक बाहुलीपेक्षा डोळे गमावण्याच्या भयाला जास्त महत्त्व दिलं. चित्रपटांवर लिहिणाऱ्यांनी दोन भयं वेगळी ठेवावीत. ‘हा माणूस आहे का?’ हे येन्चचं भय. ‘मीच यंत्र असलो तर?’ हे त्याहून खोल, कारण तिथे तपासणाराच संशयात सापडतो. चांगले चित्रपट पहिल्यावरून दुसऱ्यावर कधी नेतात ते कळतही नाही.

जपानी रोबोटतज्ज्ञ मासाहिरो मोरींच्या 1970 च्या ‘अनकॅनी व्हॅली’च्या आलेखाबद्दलही (यंत्र जवळजवळ माणसासारखं दिसू लागलं की आपुलकी एकदम घसरते, ती दरी) एक सांगायला हवं. तो मोजमापातून काढलेला नाही, ते एक अनुमान होतं. त्यांचा सल्ला मात्र पक्का व्यवहारी : हुबेहूब माणसाच्या मागे लागू नका. चष्मा डोळ्याची नक्कल करत नाही, तरी चेहऱ्याला शोभतो.

सिलिकॉन आणि मोटर

माणसाचा हात हळू निघतो, मधे वेग घेतो, शेवटी मंदावतो. यांत्रिक बाहुलीतल्या सर्व्हो मोटरला (सांगितलेल्या जागी वळून थांबणारी मोटर) नुसती शेवटची जागा दिली की ती पूर्ण वेगाने धावते आणि खटकन थांबते. वेगाचा चढउतार आज्ञेतच घाला आणि सगळे सांधे एकाच क्षणी सुरू करू नका.

सिलिकॉनची कातडी आतल्या कवटीला सगळीकडे चिकटवू नका. पापण्यांच्या कडा, ओठांच्या कडा, केसांची रेघ इथे पकडा. गाल सरकता राहू द्या. रंग वरून थापला तर प्रेताची कळा येते. सिलिकॉन अर्धपारदर्शक ठेवून त्यातच लाल-निळं बारीक फ्लॉक (रंगीत तंतूंचा भुगा) मिसळा, म्हणजे प्रकाश थोडा आत शिरून परततो.

छायाचित्रण

‘ब्लेड रनर’ चित्रपटातल्या (1982) कृत्रिम माणसांच्या डोळ्यांची चमक संगणकावरची नाही. लेन्ससमोर 45 अंशांत अर्धपारदर्शक आरसा, बाजूने मंद दिवा, आणि प्रकाश लेन्सच्या रेषेतच डोळ्यात. डोळ्यांच्या बाहुल्या विस्फारलेल्या हव्यात, म्हणून सेट अंधारा. दिवा जरा वाढला की चेहराच उजळतो आणि युक्ती उघडी पडते. 50-50 आरसा लेन्सकडे येणारा निम्मा प्रकाश खातो, तेव्हा लेन्सचं छिद्र एक स्टॉप (म्हणजे दुप्पट प्रकाश येईल इतकं) जास्त उघडा.

ध्वनी

चित्राच्या 45 मिलिसेकंद आधी आवाज आला तरी लक्षात येतं; उशीर मात्र 125 पर्यंत खपतो. संभाषणात एकाचं संपून दुसऱ्याचं सुरू व्हायला सरासरी 200 मिलिसेकंद लागतात. यंत्राच्या पात्राला प्रत्येक वेळी तेवढंच अंतर दिलंत, तर शब्द न बदलताही ते परकं वाटू लागतं.

अभिनय

यंत्र साकारणारे बहुतेकजण हात ताठ करतात. त्याऐवजी श्वास लपवा. बोलण्याआधी छाती भरते, ती भरू देऊ नका. वाक्य संपल्यावर खांदे पडतात, ते पडू देऊ नका. ‘मेट्रोपोलिस’ या मूकपटात (1927) ब्रिगिट हेल्मने खरी मारिया आणि तिचं यांत्रिक रूप दोन्ही केली, चेहरा तोच ठेवून. तिथे फरक मानेच्या झटक्यात आणि एका जास्त मिटलेल्या डोळ्यात आहे. पार्श्वसंगीतही बंद करून ते प्रसंग पाहा.