सिम्युलेशनमधील काल-विभेदन प्रत्यक्ष मोजमापापेक्षा इतके चांगले का येते?

प्रश्न

पेट स्कॅनरसाठीच्या (शरीरातून येणारे गॅमा किरण टिपून प्रतिमा बनवणारे यंत्र) डिटेक्टरचे सिम्युलेशन मी जिअँट४ (कणांचा पदार्थातील प्रवास संगणकावर उभा करणारी प्रणाली) मध्ये करत आहे. ३ × ३ × २० मिलिमीटरचा एलवायएसओ स्फटिक (गॅमा अडला की प्रकाश देणारा), पाच बाजूंना परावर्तक आणि सहाव्या बाजूस ऑप्टिकल ग्रीसने जोडलेला सिलिकॉन फोटोमल्टिप्लायर (एकेक फोटॉन टिपणारा संवेदक), असे दोन एकसारखे डिटेक्टर समोरासमोर असून मध्ये सोडियम-२२ चा गॅमा स्रोत आहे. दोन्हींकडील वेळांतील फरकाच्या आलेखाची अर्ध्या उंचीवरील रुंदी, म्हणजेच काल-विभेदन, सिम्युलेशनमध्ये साधारण १०० पिकोसेकंद येते, तर प्रयोगशाळेत ती २२० च्या आसपास आहे. फोटोमल्टिप्लायरवर पहिला फोटॉन पोहोचतो तो क्षण मी वेळ म्हणून धरतो. आकडे जुळेपर्यंत सिम्युलेशनच्या वेळांत गॉसियन विखुरणी मिसळावी, असे एका सहकाऱ्याने सुचवले आहे. ते मला पटत नाही. तफावत नेमकी कुठे शोधावी?

उत्तर १

आपली शंका रास्त आहे. गॉसियन मिसळल्याने हा एक आकडा जुळेल, परंतु उद्या स्फटिकाची लांबी बदलली तर तेच सिम्युलेशन काहीही भाकीत करू शकणार नाही, आणि मग ते करण्यात अर्थ तो काय?

मुळात आपण दोन वेगळ्या गोष्टींची तुलना करत आहात: सिम्युलेशनमध्ये फोटॉन पोहोचण्याचा क्षण, तर प्रयोगशाळेत तो नोंदला गेल्याची वेळ. गॅमाच्या ५११ केईव्ही (किलो-इलेक्ट्रॉनव्होल्ट) ऊर्जेतून एलवायएसओमध्ये सुमारे १५,००० फोटॉन निर्माण होतात. त्यांतील निम्मे बाहेर पडले आणि त्यांतील निम्मे नोंदले गेले, तर हाती ३,७०० च्या आसपास उरतात. क्षयकाळ (प्रकाश ओसरण्याचा काळ) ४० नॅनोसेकंद असल्याने सुरुवातीला सरासरी दर १० ते ११ पिकोसेकंदांनी एक फोटॉन नोंदला जातो. एकेका फोटॉनच्या नोंदीतील फोटोमल्टिप्लायरचा जिटर (वेळेतील यादृच्छिक चढउतार) याच्या कित्येक पट असतो, म्हणून ‘पहिला’ कोण हे स्फटिक नव्हे, जिटर ठरवतो. शिवाय प्रकाशाचा उदयकाळ (तो शिखरापर्यंत चढण्याचा काळ) तपासा: पदार्थाच्या गुणधर्मांत तो नुसता लिहून भागत नाही, उदयकाळ विचारात घेण्याचा पर्याय वेगळा चालू करावा लागतो, अन्यथा प्रकाश तत्क्षणी उगवतो असेच धरले जाते.

उत्तर २

वरील मुद्द्यांना पृष्ठभागांची जोड हवी. एलवायएसओचा अपवर्तनांक १.८२ असल्याने २० मिलिमीटर अंतर कापायला प्रकाशाला १२१ पिकोसेकंद लागतात, गॅमाला मात्र ६७. त्यामुळे गॅमा पुढच्या टोकाला अडला की मागच्या, एवढ्यावरच पहिल्या प्रकाशाच्या आगमनात ५४ पिकोसेकंदांपर्यंत फरक पडतो. हा भाग सिम्युलेशनमध्ये आपोआप येतो. परावर्तक आणि स्फटिक यांमधील हवेचा पातळ थर मात्र आपोआप येत नाही. तो वगळला तर पूर्ण आंतरिक परावर्तन नाहीसे होते आणि फोटॉनांचे मार्गच बदलतात.

ऊर्जा-विभेदनही (मोजलेल्या ऊर्जेतील विखुरणी) पाहून घ्या. केवळ फोटॉनांच्या संख्येवरून ते ४ टक्क्यांच्या जवळ येईल, मोजमापात १० टक्क्यांच्या घरात. कारण प्रकाश-उत्पादन ऊर्जेच्या प्रमाणात नसणे हा परिणाम नेहमीच्या मांडणीत धरलेला नसतो. काल-विभेदनावर त्याचा प्रभाव थोडा आहे, पण ऊर्जेची खिडकी लावताना (ठरावीक ऊर्जेच्याच नोंदी निवडताना) तो जाणवतो.

प्रश्नकर्ता

उदयकाळ, हवेचा थर, फोटॉन नोंदण्याची क्षमता आणि जिटर घातल्यावर रुंदी १६० पिकोसेकंदांपर्यंत आली. उरलेला फरक इलेक्ट्रॉनिक्सचा मानावा का?

उत्तर १

मानण्यापेक्षा मोजावा. २२० आणि १६० यांच्या वर्गांतील फरकाचे मूळ १५१ येते. दोन डिटेक्टरांत समान वाटल्यास प्रत्येकी १०७, म्हणजे प्रमाण विचलन ४५ पिकोसेकंद. नॉइजला सिग्नलच्या चढाने भागले की वेळेतील अनिश्चितता मिळते: १ मिलिव्होल्ट नॉइज आणि नॅनोसेकंदाला २० मिलिव्होल्ट चढ असला, तरी ५० पिकोसेकंद होतात. फोटोमल्टिप्लायरचे धारित्व (विद्युतभार साठवण्याची क्षमता) मोठे असल्याने चढ मंदावतो, त्यामुळे असा आकडा मुळीच अशक्य नाही.

ऑसिलोस्कोपवर बेसलाइनचा (सिग्नल नसतानाच्या पातळीचा) नॉइज आणि एका फोटॉनच्या स्पंदाचा आकार नोंदवा. सिम्युलेशनमधील प्रत्येक नोंदल्या गेलेल्या फोटॉनच्या जागी तो स्पंद ठेवून बेरीज करा, नॉइज मिसळा आणि थ्रेशोल्ड (ठरवलेली सिग्नल-पातळी) ओलांडण्याचा क्षण घ्या. मग दोन्हींकडे थ्रेशोल्ड बदलत न्या: फार खाली नॉइज आणि डार्क काउंट (प्रकाश नसतानाही होणाऱ्या नोंदी) त्रास देतात, फार वर गेल्यास सुरुवातीच्या फोटॉनांची माहिती वाया जाते, म्हणून मध्ये कुठेतरी किमान बिंदू येतो. एक बिंदू नव्हे, तो संपूर्ण वक्र जुळला पाहिजे. जुळल्यास एकही प्राचल न बदलता ५ मिलिमीटर लांबीच्या स्फटिकासाठी सिम्युलेशन चालवा आणि त्याचे उत्तर आधी लिहून ठेवूनच मोजमाप करा.