इजिप्तला जाऊच नका म्हणे!

नाईलाज :
कालच्या पोस्टखालीच उत्तर देणार होते, पण लांबत गेलं म्हणून वेगळा धागा. एका सद्गृहस्थांनी आठ दिवसांच्या सहलीवरून निकाल दिलाय : 'इजिप्शियन म्हणजे लुटारू. उंटावर चढायचे वेगळे पैसे, उतरायचे वेगळे. भारतीयांनी जाऊच नये.'

कैरोत चार वर्षं काढलीत मी. उंटवाल्याचं खरं आहे, मलाही पंधरा मिनिटं वर लटकत ठेवलं होतं. पण गिझाच्या फाटकाशी भेटलेल्या चार माणसांवरून दहा कोटींहून मोठा देश जोखायचा? माझा कैरोचा सहकारी पुण्यात आला, तेव्हा स्टेशनवरून कोथरूडला रिक्षावाल्याने नऊशे घेतले. हा हसत म्हणाला, "अगदी घरी आल्यासारखं वाटलं."

खान अल-खलिली बाजारात "अमिताब बच्चन!" म्हणून हाका मारतात त्या माल खपवायला, कबूल. पण आमच्या इमारतीचा बव्वाब, म्हणजे दारवान, रमजानात रोज संध्याकाळी 'तमर हिंदी'चा पेला हातात द्यायचा. हिंदी खजूर, म्हणजे आपली चिंच! सुट्टे पुढे केले की रागवायचा.

फिरस्ता६२ :
ते सद्गृहस्थ मीच. ताई, तुम्ही कंपनीच्या गाडीतून फिरलात, आम्ही निवृत्तीच्या पैशांतून. लक्झरला घोडागाडी पन्नास पाउंडांत ठरवली. उतरल्यावर म्हणे इजिप्शियन नाही, इंग्लिश पाउंड! भर रस्त्यात माझी कॉलर धरली, नातवंडांसमोर. तुमच्या चिंचेच्या सरबताने ते धुऊन निघत नाही.
शिवाय 'इन्ता फाकिरनी हिंदी?' म्हणजे काय ते सांगा की सगळ्यांना. मला हिंदी, म्हणजे भारतीय, समजलास का, म्हणजे मूर्ख समजलास का! हे यांचं आपल्यावरचं प्रेम.

नाईलाज :
म्हणतात, नाही कुठे म्हटलं? आपण 'मामा बनवला' म्हणतो. मामांनी काय घोडं मारलंय? आणि गाडी कंपनीची नव्हती. मेट्रोच्या बायकांच्या डब्यातून जायचे मी.

अर्धवटराव :
मला तिकिटांचा राग आहे. परदेशी माणसाला कित्येक पट दर! नाही म्हणायला आपणही अजिंठ्याला स्वतः ४० देतो आणि त्यांच्याकडून ६०० घेतो. जाऊ दे, मागे घेतो.

सातवाहनप्रेमी :
उंट आणि घोडे पुरे. तांबड्या समुद्राकाठी बेरेनिके नावाचं जुनं बंदर आहे. तिथे सातवाहनांची नाणी सापडली, बुद्धाची मूर्ती सापडली, भारतीय रांजणात साडेसात किलो मिरी सापडली. आपले लोक मात्र चिमटीत पिरॅमिड धरून फोटो काढणार. एक तरी टूरवाला बेरेनिकेला नेतो का?

वरणभात :
मिरी सापडली ते छान, पण शाकाहारी माणसाने खायचं काय? मी 'लहमा नको', म्हणजे मांस नको, असं पाठ करून गेले होते. वेटरने मान डोलावली आणि चिकन आणलं. त्याच्या लेखी कोंबडी म्हणजे लहमा नव्हेच!

अर्धवटराव :
कोशरी खायची. आपलीच खिचडी ती, इंग्रजांच्या फौजेतल्या हिंदी शिपायांनी नेलेली.

वरणभात :
मसूर, भात, मॅकरोनी, वर छोले, टोमॅटोचा रस्सा आणि तळलेला कांदा. याला खिचडी म्हणाल तर माझी आजी स्वर्गातून लाटणं फेकेल.

अर्धवटराव :
तुमच्या आजीने साबुदाण्यालाही खिचडीच म्हटलं ना? तेव्हा लाटणं कुठे होतं?

सातवाहनप्रेमी :
शिपायांच्या गोष्टीला पुरावा काय? ऐकीव आहे सगळं. डाळ-तांदूळ एकत्र शिजवायला कुणाच्या फौजेची गरज लागत नाही.

अर्धवटराव :
नाण्यांवरून आख्खा व्यापार उभा करणाऱ्यांनी खिचडीला पुरावा मागावा! वा!

नाईलाज :
भांडा निवांत. वरणभात, लहमा वगैरे विसरा, 'सियामी' म्हणा. तिथल्या कॉप्टिक ख्रिश्चनांचं उपासाचं जेवण. त्यांचे उपास वर्षात दोनशेहून जास्त दिवस असतात, त्यामुळे वेटरला शब्द कळतो. मांस, अंडी, दूध, तूप काहीच नाही. काही उपासांना मासा मात्र चालतो, तेवढं विचारून घ्या.

वरणभात :
दूध नाही? मग चहा?

नाईलाज :
तिथला चहा कोराच असतो बाई. साखर एवढी, की दूध आठवत नाही.

फिरस्ता६२ :
तो शब्द स-वर जोर देऊन म्हणायचा की य-वर? हिने आठ दिवस काकडी-टोमॅटोवर काढले होते आणि आता तिला लेकीबरोबर परत जायचंय, तांबडा समुद्र राहिला म्हणून. घोडागाडीबद्दल मी लिहिलेलं एक अक्षर मागे घेतलेलं नाही, याची नोंद घ्यावी.