उपवासकाळात मोबाइलचाही उपवास: नक्की काय बंद ठेवायचं?

पापडीकर: 2027चा राखेचा बुधवार, म्हणजे ईस्टरआधीच्या 40 दिवसांच्या उपवासकाळाची सुरुवात, 10 फेब्रुवारीला आहे. या वेळी मटण-मासळीबरोबर मोबाइलही सोडायचा विचार आहे. पण धर्मग्रामाचे (पॅरिशचे) निरोप, अंत्यविधीच्या वेळा, गायनमंडळाचा सराव सगळं व्हॉट्सअ‍ॅपवर, आणि बायबलही फोनमध्येच. पूर्ण बंद करावं का? आणि रविवारी?

साधा_फोन: पूर्ण बंद ठरवू नका, तिसऱ्या दिवशी मोडतं. अंत्यविधीची वेळ बघायला फोन उघडतो आणि रील्समध्ये अडकतो. काम ठेवा, चाळा सोडा. धर्मग्रामाचा ग्रुप वगळून बाकीचे अर्काइव्ह करा. मात्र सेटिंगमध्ये ते अर्काइव्हच राहतील असं करून ठेवा, नाहीतर नवा मेसेज आला की ग्रुप परत वर येतो. इन्स्टाग्राम, फेसबुकचं अ‍ॅप काढा, खातं नको. यूट्यूब निघत नसेल तर डिसेबल करा. टायमरवर विसंबू नका, दोन टिचक्यांत निघतो. आणि ब्राउझरमधूनही लॉगआउट व्हा. बऱ्याच जणांचा उपवास या मागच्या दारानेच सुटतो!

नगरची_मंडळी: नुसतं काढून भागत नाही. बायबलमधलं लूक 11:24-26 वाचा: झाडून लख्ख केलेलं घर रिकामं राहिलं, म्हणून सात आणखी वाईट आत्मे राहायला आले. मार्कचे 16 अध्याय, लूकचे 24, मिळून बरोबर 40. रोज एक, छापील बायबलमधून. अ‍ॅपवर वचन वाचताना वरून नोटिफिकेशन घसरतंच. गजराचं घड्याळ घ्या, चार्जर स्वयंपाकघरात ठेवा.

कठीण वेळ दुपारची. चौथ्या शतकात इजिप्तच्या वाळवंटात राहणाऱ्या एवाग्रियस या ख्रिस्ती संन्याशाने हे नेमकं लिहून ठेवलंय: सूर्य हलत नाही, दिवस 50 तासांचा वाटतो, संन्यासी सारखा खिडकीशी. आपली खिडकी खिशात असते, एवढाच फरक. त्या तासाला हाताला काम हवं: भाजी निवडा, शिवणटिपण करा.

मिस्सानंतर: रविवारचं सांगतो. राखेच्या बुधवारपासून पवित्र शनिवारपर्यंत (ईस्टरच्या आदल्या दिवसापर्यंत) 46 दिवस. 6 रविवार वजा केले की 40. म्हणून रविवारी सूट घेता येते, पण जेवणानंतर तासभरच. वेळ ठरवली नाही तर सहा दिवसांचा अनुशेष एका संध्याकाळी भरून निघतो. ‘मी डिजिटल उपवासावर’ असं स्टेटस कृपया ठेवू नका, मत्तय 6:16 त्याबद्दलच आहे: उपवास लोकांना दाखवत फिरू नका. घरच्यांना आणि ऑफिसात सांगा: तातडीचं असेल तर फोन करा. आणखी एक, चर्चने बंधनकारक केलेले उपवास दोनच, राखेचा बुधवार आणि शुभ शुक्रवार (गुड फ्रायडे). हा तुमचा स्वखुशीचा, तेव्हा मोडला तर पाप लागलं म्हणून घाबरू नका, दुसऱ्या दिवशी पुन्हा धरा. ओटीटीचे वाचलेले पैसे दानपेटीत.

पापडीकर: गायनमंडळाच्या चाली यूट्यूब लिंकवर येतात, त्यांचं काय?

साधा_फोन: गायनमंडळातल्या कुणाकडून चाल ऑडिओ रेकॉर्ड करून मागवा. लिंक उघडू नका, शेजारी लगेच दुसरा व्हिडिओ असतो.