जंगल सफारी: मुक्काम कुठे, महिना कोणता? सातारा-सांगलीकरांनो, अनुभव लिहा

कऱ्हाडकर
दिवाळीनंतर जायचं की उन्हाळ्यात, यावर आमच्या घरात बरेच दिवस खल चालू आहे. जायचंय ताडोबाला. सोबत सत्तरीतली आई आणि चौथीतली मुलगी. रिसॉर्टवाल्यांना फोन केला की प्रत्येकाचं रिसॉर्ट 'गेटला लागून' असतं आणि बाराही महिने 'बेस्ट सीझन'. म्हणून जाऊन आलेल्यांना विचारतोय. ताडोबाच पाहिजे असं नाही. चांदोली, कान्हा, अगदी आफ्रिका चालेल. कुठे राहिलात, कधी गेलात, पुन्हा तिथेच राहाल का, एवढं लिहा.

तासगावची बाग
आमचा महिना द्राक्षं ठरवतात. ऑक्टोबरची छाटणी झाली की फवारणी सोडून कुठं हलता येत नाही. मार्चमध्ये माल गेला आणि खरड छाटणीला थोडे दिवस असले की आम्ही सुटलो. ताडोबासाठी हा काळ झकास. पानगळ झालेली असते, लांबवरचं दिसतं, जनावर पाणवठ्यावर यायला लागतं, आणि चंद्रपूरची मे महिन्यातली ४५ अंशांची भट्टी अजून पेटलेली नसते.
राहायचं म्हणाल तर आधी गेट ठरवा, मग खोली. मोहर्ली चंद्रपूरकडून जवळ. कोलारा, नवेगाव ही गेटं चिमूरच्या बाजूला, नागपूरहून येणाऱ्याला सोयीची. खोली मोहर्लीत आणि सफारी कोलाऱ्याची असली तर जंगलाला वळसा घालून जावं लागतं, तेही पहाटेच्या अंधारात. आमच्या पाहुण्यांनी असाच नुसता रस्ता बघितला.

मिरज जंक्शन
वरच्यांशी सहमत. भर घालतो. खोली बुक झाली म्हणजे सफारी बुक झाली असं नाही. परमिट वनखात्याच्या साइटवर नावानिशी काढावं लागतं आणि ज्या ओळखपत्रावर काढलं तेच गेटवर दाखवावं लागतं. मी आधी परमिट काढतो आणि त्याच गेटाजवळ खोली बघतो. मंगळवारी कोअर, म्हणजे जंगलाचा आतला गाभा, बंद. जुलै ते सप्टेंबरही कोअर बंद. त्या दिवसांत 'ताडोबा पॅकेज' म्हणून मिळतं ते बफरचं, म्हणजे गाभ्याभोवतीच्या पट्ट्याचं. बफर वाईट नाही, वाघ तिथेही दिसतो, पण कोणतं गेट ते आधी विचारून घ्या.
रेल्वेने जाणार असाल तर महाराष्ट्र एक्स्प्रेस आपल्या दारातून जाते. वर्ध्याला उतरायचं. प्रवास कंटाळवाणा आहे. भडंग भरपूर घ्या.

कृष्णाकाठची
मी सांगलीहून ग्रुपबरोबर केनियातल्या मसाई माराला जाऊन आले, ऑगस्टमध्ये. शेजारच्या टांझानियातल्या सेरेंगेटीतून विल्डबीस्टचे (हरणासारख्या मोठ्या जनावराचे) कळप साधारण जुलै ते ऑक्टोबर या काळात मारात येतात, त्यामुळे दर तेव्हाच सगळ्यात चढे. एप्रिल-मेमध्ये स्वस्त मिळतं, कारण तो तिथला मोठा पावसाळा.
आमच्यात दोन गट पडले होते. निम्म्यांना रिझर्व्हच्या आतला मोठा लॉज हवा होता: पोहण्याचा तलाव, बुफे वगैरे. मी शेजारच्या कॉन्झर्वन्सीतल्या तंबूंच्या बाजूने होते. ही जमीन मसाई लोकांची, ती भाड्याने घेऊन कॅम्प चालवतात. तिथे रात्रीची सफारी करता येते, गाडी वाट सोडून गवतात नेता येते. आत, रिझर्व्हमध्ये, या दोन्हींना मनाई. शेवटी आम्ही दोन्हीकडे राहिलो आणि मला तंबूच आवडला. रात्री कुंपणाबाहेर तरसं ओरडतात. सासूबाईंना मात्र ते अजिबात रुचलं नाही; अंधारात एकटीने स्वच्छतागृहातसुद्धा जाईनात.
विषुववृत्ताजवळ आहे म्हणून सुती कपडेच नेऊ नका. उंचीमुळे पहाट चांगलीच गार असते, स्वेटर लागतोच. पीतज्वराची लस जायच्या किमान १० दिवस आधी, मान्यताप्राप्त केंद्रातच घ्या. तिचं कार्ड परत येताना आपल्याच विमानतळावर मागतात. छोट्या विमानाने मारात उतरणार असाल तर साधारण १५ किलोच सामान, तेही मऊ बॅगेत. चाकांच्या टणक बॅगा चालत नाहीत. आणि कॅम्पला विचारा, वीज दिवसभर असते का. आमच्याकडे रात्री जनरेटर बंद व्हायचा.

वारणाखोरं
एवढ्या लांब कशाला जाताय म्हणतो मी! आपलं चांदोली हाय की. पण वाघ बघायला येऊ नका राव. २०१० मध्ये सह्याद्री व्याघ्र प्रकल्प झाला, चांदोली आणि कोयना मिळून. जंगल मात्र दाट सदाहरित. दहा पावलांवरचा गवा दिसंना. आमच्याकडे येणारे विचारतात, 'वाघ किती टक्के?' त्यांना मी चिमूरची वाट दाखवतो. ज्याला गवा, शेकरू, सडा (कातळाचं पठार) आणि धरणाचं पाणी बघायचंय, त्यानं यावं. पावसाळ्यात बंद. दिवाळीनंतर या, हिरवं बी असतंय आणि जळवा बी गेलेल्या असतात. मुक्काम मणदूर-वारणावतीकडं. पंचतारांकित काय मागू नका, भाकरी-आमटी बेस मिळते.

अजिंक्यतारा
वारणाखोरं, दहा पावलं जरा जास्तच झाली. बाकी खरं आहे.
कऱ्हाडकर, तुमच्या प्रश्नाचं उत्तर अजून कुणी नीट दिलं नाही. आई सोबत आहे तर मे विसरा. उघड्या जिप्सीत दुपारची सफारी म्हणजे तासन् तास उन्हात. डिसेंबर-जानेवारीत वाघ कमी दिसेल, गवत उंच असतं, पण जंगल देखणं. पहाटे मात्र हाडं गोठतात, शाल-कानटोपी हवीच. फेब्रुवारीचा दुसरा पंधरवडा मला मध्यम वाटतो, पण मुलीची शाळा बघा. कंबरेचा त्रास असेल तर आईंना चाकावरच्या मागच्या बाकावर बसवू नका. खोली तळमजल्याची घ्या. काही रिसॉर्टमध्ये कॉटेज जेवणघरापासून इतकं लांब असतं की रात्री म्हातारं माणूस जेवायलाच नको म्हणतं.

कऱ्हाडकर
तळमजल्याचं डोक्यातच आलं नव्हतं. फेब्रुवारीअखेर धरतो, मोहर्ली गेट. सकाळची एकच सफारी आईला, दुपारची आम्ही दोघं आणि मुलगी. आता सांगा, आई दुपारी रिसॉर्टवर एकटी राहील, तर तिथे मोबाईलला रेंज येते का?

मिरज जंक्शन
गावात येते, आत गेलात की विसरा. रिसॉर्टचा लँडलाइन नंबर आईंकडे लिहून ठेवा.